सुरक्षेचे पाठ आणि सहीचा कागद

कारखान्यात एखाद्याचा हात यंत्रात सापडला, की चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द इतक्या बिनचूकपणे उमटतात, की ते लिहिणाऱ्याने यंत्र पाहिले तरी होते की नाही, असा संशय यावा. या शब्दांच्या पाठीशी एक जुने तत्त्वज्ञान उभे आहे. आपला कामगार दैववादी आहे, जे व्हायचे ते टळत नाही अशी त्याची लहानपणापासूनची समजूत आहे, डोक्यावर शिरस्त्राण आणि डोळ्यांवर चष्मा चढविण्यात त्याला पौरुषाची हानी वाटते, आणि म्हणून त्याला वारंवार उपदेश करणे, त्याच्याकडून शपथ वदवून घेणे, घोषवाक्ये पाठ करविणे हाच अपघातनिवारणाचा राजमार्ग होय, असे हे तत्त्वज्ञान सांगते. व्यवस्थापकाला ते पटते, सरकारी तपासनिसाला सोयीचे वाटते आणि कारखान्याच्या दारातही कधी न गेलेल्या पांढरपेशा वाचकाला तर ते स्वयंसिद्धच भासते. माझे मत याच्या उलट आहे. सुरक्षेच्या नियमांविषयी कामगाराच्या ठायी जी उदासीनता दिसते, ती अज्ञानातून किंवा दैववादातून आलेली नाही. त्या नियमांचा रोख कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे त्याने अचूक ओळखल्यामुळे ती आली आहे.

दैववादाचा आरोप आधी तपासू. खंडेनवमीला मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी, आणि पुण्या-नाशकाच्या औद्योगिक वसाहतींत आजही, कामगार आपापले यंत्र थांबवितो, चिंध्या आणि रॉकेल घेऊन त्याचा सांधान्‌सांधा पुसतो, महिनोन्‌महिने साचलेले तेलकट कीट खरवडून काढतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो आणि नारळ फोडतो. यंत्र पोसते तसे प्रसंगी गिळतेही, ही जाणीव ज्याच्या अंगी इतकी मुरलेली आहे, त्याला धोक्याची समजच नाही असे म्हणणे मोठ्या धाडसाचे आहे. गंमत अशी, की वर्षातून त्या एका दिवशी मालकही विनातक्रार यंत्र थांबू देतो; एरवी त्याखालचा कचरा काढण्यापुरते दहा मिनिटे ते बंद ठेवा म्हणणाऱ्याला ‘माल निघायला हवा’ एवढेच उत्तर मिळते. वास्तविक २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे बाविसावे कलम याबाबतीत चांगले काटेकोर होते. चालत्या यंत्राला तेल देणे अगदी अपरिहार्यच असेल, तर ते काम खास शिक्षण दिलेल्या प्रौढ पुरुषानेच करावे, त्याचे नाव नोंदवहीत असावे, आणि त्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत, जे मालकाने पुरविलेले असावेत. हे शेवटचे तीन-चार शब्द पाठ देताना बहुधा गळतात. ‘सैल कपडे घालू नका’ एवढेच ऐकू येते. घट्ट कपडे कोणी द्यावयाचे, हे ऐकू येत नाही.

पाठ दिला जातो तो कसा, हे एकदा जवळून पाहावे. सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वी एखाद्या मोठ्या बांधकामाच्या किंवा रासायनिक कारखान्याच्या आवारात कंत्राटदाराची माणसे रांगेत उभी केली जातात. कोणी ओडिशाचा, कोणी झारखंडचा, कोणी बीड-परभणीकडचा. कंपनीच्या माणसांचे हेल्मेट एका रंगाचे, यांचे दुसऱ्या. हनुवटीखालचा पट्टा बहुतेकांचा लोंबता. सुरक्षा अधिकारी, जो स्वतः बव्हंशी एखादा होतकरू पदविकाधारक तरुण असतो, छापील कागदावरून अर्धी हिंदी अर्धी इंग्रजी अशा भाषेत उंचीवरील कामाचे नियम वाचतो. ‘समझ गये?’ ‘हो साहेब.’ मग सुतळीने पुठ्ठ्याला बांधलेले एक पेन आणि नावांचा तक्ता रांगेतून फिरतो. ज्यांना लिहिता येत नाही ते शाईच्या डबीत अंगठा बुडवितात. शेवटची पाच-सहा माणसे चालता चालताच सही करतात, कारण तोवर मुकादमाची हाक आलेली असते. अर्ध्या तासाने यांतलाच एकजण परांचीवर चढलेला दिसतो. कमरेला आणि खांद्यांवर सुरक्षापट्टा व्यवस्थित आवळलेला असतो, नियमाप्रमाणे. पण पट्ट्याचा आकडा त्याने आपल्याच कमरेला अडकविलेला असतो. का? वर मान करून पाहिले की उत्तर मिळते. ज्या दोराला तो आकडा अडकवावयाचा, तो दोर तेथे कोणी बांधलेलाच नसतो.

मला या लेखात जे सांगावयाचे आहे, ते जवळजवळ सगळे या एका आकड्यात आहे. पट्टा बांधणे हे कामगाराचे कर्तव्य. त्याचा पाठ त्याला रोज मिळतो, ते त्याने केले नाही तर दंड होतो, हजेरी कापली जाते. दोर बांधणे हे मालकाचे किंवा कंत्राटदाराचे कर्तव्य. त्याचा पाठ कोणालाच दिला जात नाही आणि त्याखाली कोणाची सहीही घेतली जात नाही. कामगार हा फरक पहिल्याच दिवशी ओळखतो. त्यानंतर पट्ट्याकडे तो तपासणीच्या वेळी दाखविण्याची वस्तू म्हणून पाहू लागला, तर तो त्याच्या बुद्धीचा दोष म्हणता येत नाही.

त्या तक्त्यावरील सहीची कामगिरी निराळीच असते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने काम करताना झालेल्या इजेबद्दल, मालकाची चूक सिद्ध करीत न बसता, भरपाई मिळण्याची सोय केली. इंग्लंडातील न्यायालयांनी कामगाराला वर्षानुवर्षे ज्या तर्काने वाटेला लावले होते, की त्याने धोका पत्करूनच नोकरी धरली, त्या तर्काला या कायद्यात थारा राहिला नाही. ही फार मोठी गोष्ट होती. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमात एक अपवाद होता. मृत्यू अथवा कायमची संपूर्ण विकलता आलेली नसेल, आणि सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम किंवा केलेला नियम कामगाराने जाणूनबुजून मोडल्यामुळे, अथवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकल्यामुळे इजा झाली असेल, तर मालक भरपाईस बांधील नसे. हुकूम स्पष्टपणे दिला होता, हे सिद्ध करावयाचे कशाने? त्या तक्त्याने. एखादे बोट गेले, दोन बोटे गेली, अशा मधल्या मापाच्या इजांत, आणि बहुतेक इजा याच मापाच्या असतात, तो कागद दप्तरातून बाहेर येत आला आहे. प्रत्येक व्यवस्थापक या हेतूनेच पाठ देतो असे मी म्हणत नाही. मनापासून कळकळ असलेली माणसे या खात्यात पुष्कळ आहेत. परंतु ज्या संस्थेत पाठ समजला की नाही हे पाहण्याची काही तजवीज नाही आणि सही झाली की नाही हे पाहण्याची मात्र चोख आहे, तेथे पाठ कोणासाठी दिला जातो हे वेगळे सांगावे लागत नाही.

कामगारांच्या सह्यांनाही एकेकाळी वेगळा अर्थ होता. १८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा झाला, तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या यंत्रशक्तीच्या कारखान्यांना लागू होता, आणि यंत्रांना कुंपण घालणे व अपघाताची वर्दी देणे या गोष्टी त्यात होत्या. तो काही निखळ भूतदयेतून जन्मला नव्हता. मुंबईचे स्वस्त कापड खुपणाऱ्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनी त्यासाठी विलायतेत आग्रह धरला होता, आणि तेवढ्यावरून आपल्याकडील कित्येक राष्ट्राभिमानी पत्रांनी कायद्यालाच विरोध केला. या दोन्ही बाजूंच्या गदारोळात कामगाराचे म्हणणे काय, हे विचारण्याचे नारायण मेघाजी लोखंडे यांना सुचले. ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, या मागण्या पुष्कळांच्या लक्षात आहेत, आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळालीही. त्यांच्याबरोबरची आणखी एक मागणी मात्र विस्मरणात गेली: कामावर जबर इजा झालेल्या माणसाला बरा होईतो पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा येण्याआधी एकोणचाळीस वर्षे, बव्हंशी निरक्षर अशा या माणसांना अपघाताचे अर्थशास्त्र नेमके कळले होते. त्यांच्या सह्या आपल्या हक्काच्या मागणीखाली होत्या, आणि त्या खालून वर गेल्या होत्या.

येथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. कामगार स्वतः संरक्षक जाळी काढून ठेवतो, दोन हातांनी दाबावयाच्या बटणांपैकी एक लाकडाच्या पाचरीने दाबून ठेवतो, चष्मा कपाळावर सरकवितो. हे मालकाने सांगितलेले नसते. खरे आहे. दाबयंत्रावर काम करणारा कोणीही हे नाकारणार नाही. पण तो हे का करतो, याचे उत्तर त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या पगाराच्या हिशेबात अधिक सापडेल. नगामागे पैसे ठरलेले असतात, आणि दोन्ही बटणे दाबून काम केले तर तासाला नग कमी निघतात. ते कमी निघालेले नग कोणाच्या खात्यावर पडतात? नियम मालकाने केला आणि त्याची किंमत कामगाराने दिली, अशी ही व्यवस्था आहे. चष्म्याचे तसेच: वैशाखातल्या पत्र्याच्या शेडमध्ये घामाने धूसर होणाऱ्या, ओरखडलेल्या, सर्वांना एकाच मापाच्या चष्म्यातून धार लावणे हे उघड्या डोळ्यांनी धार लावण्यापेक्षा सुरक्षित आहे की नाही, याविषयी कामगाराला शंका आली तर ती नुसती हसून घालविण्यासारखी नाही. जुन्या माणसांत एक तऱ्हेची मर्दुमकीची ऐट असते, हेही कबूल. नव्याला हातमोजे घालताना पाहून चेष्टा करणारा एखादा तरी प्रत्येक खात्यात असतोच. परंतु ज्या खात्यात नियम पाळण्याचा वेळ पगारात धरला जातो, तेथे त्या ऐटीला फारसे प्रेक्षक मिळत नाहीत.

उपदेशाने काय होते आणि रचनेने काय होते, याचा उत्तम दाखला कारखान्याबाहेर, खळ्यावर सापडतो. विजेवर किंवा ट्रॅक्टरवर चालणारी मळणी यंत्रे खेडोपाडी पोचली, तेव्हा पेंढी आत सारताना हात, कधी कोपरापर्यंत, जाण्याचे प्रकार देशभर घडू लागले. मळणीचा हंगाम थोडा, रात्री-अपरात्रीचे काम, मजूर थकलेला. ‘सावध राहा’ हा उपदेश अशा वेळी करणे म्हणजे झोपेला कायदा लावणे आहे. शेवटी १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, आणि त्यातला मुख्य मुद्दा शेतकऱ्याला नव्हे तर यंत्र बनविणाऱ्याला उद्देशून होता: पेंढी सारण्याचे तोंड असे लांब आणि वरून झाकलेले असावे, की माणसाचा हात आतल्या फिरत्या दात्यांपर्यंत पोचूच नये. अशा यंत्रावर झोपाळलेल्या माणसाचा हात पत्र्याला लागून थांबतो. त्याची जागरूकता, त्याचे शिक्षण, त्याचा दैववाद यांपैकी कशाचाही प्रश्न तेथे उरत नाही. त्या कायद्याची अंमलबजावणी गावोगावच्या वर्कशॉपांत बनणाऱ्या यंत्रांपर्यंत कितपत पोचली, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण त्यामागचा विचार शहाणपणाचा होता. कारखाने अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाचाही मूळ विचार तोच. धोकादायक भागाला भक्कम कुंपण घाला, हा हुकूम तेथे मालकाला होता, आणि कामगार दक्ष असेल तर कुंपण नको, अशी सवलत त्यात नव्हती.

अपघाताची ही गत. रोगाची तर त्याहून वाईट, कारण रोगाला तारीख नसते. कापसाच्या तुसाने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराचे एक लक्षण असे, की सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. म्हणजे लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या रविवारानंतरचा सोमवारच पिंजणखात्यातल्या माणसाला जड जात असे. त्यावर उपाय तूस ओढून घेणारी यंत्रणा बसविणे हा होता. तोंडाला फडके बांधण्याचा पाठ त्यापेक्षा स्वस्त पडतो.

दरवर्षी ४ मार्चला देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, आणि या परिषदेने शिक्षणाचे पुष्कळ भरीव काम केले आहे, हे सांगणे भाग आहे. मात्र कारखान्यांच्या दारांत त्या दिवसाचे जे रूप दिसते त्यात घोषवाक्यांच्या स्पर्धा असतात, शपथ असते, आणि प्रवेशद्वारापाशी एक मोठा फलक असतो: आजवर अपघाताविना गेलेले दिवस इतके. या फलकाविषयी मला विशेष अढी आहे. आकडा एका ठरावीक टप्प्यावर पोचला की सर्वांना भेटवस्तू मिळणार असते. अशा वेळी ज्याचे बोट चेचले, तो हात खिशात घालून कारखान्याच्या कंपाउंडरकडे नव्हे तर गल्लीतल्या दवाखान्यात जातो, कारण फलक शून्यावर आणल्याचा ठपका त्याला नको असतो, आणि सोबतीही त्याला तेच सुचवितात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही आपल्याकडील सुरक्षाशास्त्राची सर्वात जुनी आणि सर्वात कामाची शिकवण. फलक पहिल्याची ठेच झाकून ठेवतो आणि मागच्याला त्याच दगडावर पाठवितो.

भोपाळची गोष्ट येथे काढावी लागते. ती वायुगळतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ऐकून न घेतल्याची गोष्ट म्हणून फारशी सांगितली जात नाही. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीपूर्वी तीन वर्षे, १९८१ च्या अखेरीस, त्याच कारखान्यात विषारी वायूने एका कामगाराचा बळी गेला होता. १९८२ मध्ये कामगार संघटनेने धोक्याची पत्रके वाटली. राजकुमार केसवानी या पत्रकाराने त्याच वर्षी आपल्या छोट्याशा साप्ताहिकात शहराला सावध करणारे लेख लिहिले. खुद्द अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्या तपासनिसांनीही उणिवा दाखविल्या. सूचना वरून खाली येण्याची व्यवस्था तेथे नव्हती असे नाही. पुस्तिका होत्या, आणि त्या इंग्रजीत होत्या, हिंदी बोलणाऱ्या माणसांसाठी. नव्हती ती खालून वर जाण्याची व्यवस्था. परिणाम असा, की त्या रसायनाला थंड ठेवणारी यंत्रणा महिनोन्‌महिने बंद होती आणि निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ सुटा होता. या दोन्ही गोष्टी कामगाराच्या निष्काळजीपणाच्या सदरात बसविणे, कितीही कुशल चौकशी अधिकाऱ्याला, कठीण जावे.

संसदेला हा धडा कळला होता, हे मात्र मान्य केले पाहिजे. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तीत धोकादायक प्रक्रियांवर एक संपूर्ण प्रकरण आले. जेथे अशी प्रक्रिया चालते तेथे सुरक्षा समितीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असावेत, असे त्यात ठरले. तातडीचा धोका वाटल्यास कामगाराने तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणावा आणि त्याच वेळी तपासनिसालाही कळवावे, व्यवस्थापनाने ताबडतोब उपाय करून तपासनिसाला अहवाल धाडावा, हेही ठरले. आणि १११ व्या कलमाला, ज्यात कामगाराची कर्तव्ये सांगितली होती, एक जोडकलम मिळाले, १११-अ, ज्यात सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा आणि शिक्षण मिळण्याचा त्याचा हक्क सांगितला होता. सकाळच्या पाठात १११ वे कलम निरनिराळ्या शब्दांत रोज उच्चारले जाई. १११-अ चा उच्चार झालेला ऐकणे हा दुर्मिळ योग होता. त्या कलमांतही कामगाराला काम थांबवून बाजूला होण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला नव्हता, ही त्रुटी होतीच. पण जेवढे दिले होते तेवढे तरी त्याच्या कानावर घालण्यास कोणाची हरकत असावी?

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. त्या तक्त्यावर सहीच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत: कामगाराने आज कोणता धोका सांगितला, आणि मालकाने तो कोणत्या तारखेस दूर केला. दुसऱ्या रकान्यात व्यवस्थापकाची सही असावी. पाठ काम सुरू होण्यापूर्वी नव्हे तर पाळीच्या पगारी वेळेत व्हावा, त्या दिवशी जे काम आहे त्याच जागी उभे राहून व्हावा, आणि ऐकणाऱ्याच्या भाषेत व्हावा. दोर बांधलेला नाही असे म्हणणाऱ्याला परांचीवर न चढण्याची मुभा असावी, आणि त्या दिवसाची हजेरी त्याला मिळावी. यातले काहीही खर्चिक नाही. मुकादमाला मात्र ते फार जड जाईल, कारण आज काम थांबविण्याचा हक्क फक्त त्याच्याकडे आहे, आणि तो उशिराबद्दल वापरण्यासाठी आहे.

हा हक्क कायम कामगाराला मिळाला तरी कंत्राटी कामगाराला तो कितपत वापरता येईल, याची मला खात्री वाटत नाही. लहान गाळ्यांत तर तो पोचतच नाही. १९४८ च्या अधिनियमात यंत्रशक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस माणसांच्या जागेला कारखाना म्हटले जात असे. कामाच्या सुरक्षेविषयीच्या २०२० च्या नव्या संहितेने हे आकडे वीस आणि चाळीस केले. म्हणजे जेथे सात-आठ माणसे एका गाळ्यात दाबयंत्रे चालवितात, आणि जेथे बोटे जाण्याचा संभव अधिक, ती जागा कायद्याच्या दृष्टीने कारखानाच नाही. तेथे सकाळचा पाठ नसतो, तक्ता नसतो, फलकही नसतो. मोठ्या कारखान्यात आलेल्या कंत्राटदाराच्या माणसाला पाठ मिळतो, पण ‘दोर नाही’ असे तो ज्या दिवशी म्हणेल त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे नाव यादीत असेलच असे नाही, आणि त्याला काढले म्हणण्याचीही कोणाला गरज पडणार नाही, कारण त्याला त्या कारखान्याने ठेवलेलेच नसते. त्याच्या वतीने तो रकाना कोण भरणार, याचे उत्तर सुरक्षा अधिकाऱ्याच्या छापील कागदात नाही. ते कंत्राटाच्या कागदात शोधावे लागेल, आणि तो कागद सकाळच्या रांगेत कोणी वाचून दाखवीत नाही.